घराचा शब्द घरात असावा

माणसाने काय विसरावे याला काही धरबंध आहे की नाही? छत्री विसरावी, उसने घेतलेले पुस्तक विसरावे, परीक्षा संपताच सारा अभ्यास विसरावा. या विस्मृतींना आपल्या समाजात मान्यता आहे. परंतु दुपारी तीन वाजता स्वतःच ठेवलेला वायफायचा पासवर्ड संध्याकाळी सातला विसरणाऱ्या माणसाला काय म्हणावे? त्याला काय म्हणतात ते त्या दिवशी मी घरात ऐकले. वार्षिकांकाची प्रतिष्ठा लक्षात घेऊन ते येथे देत नाही.

झाले ते असे. शेजारची दोन पोरे रोज आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि आमच्या वायफायवर खेळ खेळत. पासवर्ड त्यांना आईनेच कधीतरी सांगितला होता. एके दुपारी त्यांच्या आरडाओरड्याने माझी झोप मोडली आणि मी राऊटरचा पासवर्ड बदलून टाकला. साधासुधा नव्हे! मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडे आणि वर एक चिन्ह. तो लिहून ठेवला नाही, कारण पासवर्ड लिहायचा नसतो असे ऐकून होतो. पोरे हिरमुसून गेली. मी मोबाईल चार्जिंगला लावून विजयी वीरासारखा झोपलो.

सातला आईने उठवले. "काऊन रे, नेट लागून नाही राहिलं?" मी ऐटीत शब्द टाकला. चुकला. मोठे अक्षर आधी होते की नंतर? शेवटी एक सात की दोन? वीस वेळा टाकला, वीस वेळा चुकला. गुहेत अडकलेल्या अलिबाबाच्या भावाची मला प्रथमच दया आली.

हसण्यासारखी गोष्ट इथे संपते. धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. मुदत रात्री बारापर्यंत. तिच्या व माझ्या मोबाईलवर नेटचे रिचार्ज नव्हते. घरात वायफाय असताना रिचार्ज कशाला, हा आमच्या घरचा हिशेब. रिचार्ज असलेला एकमेव मोबाईल घेऊन बाबा दिग्रसला गेलेले. ऑनलाईन रिचार्ज करायला नेट हवे आणि नेटसाठी रिचार्ज हवे. दुकाने बंद होत आलेली. अशा घाईत मी टाचणी घेतली, राऊटरच्या मागच्या बारीक छिद्रात खुपसली आणि दहा सेकंद दाबून धरली. या उपायाने राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो आणि त्याच्या तळाशी चिकटवलेला मूळ पासवर्ड पुन्हा चालू लागतो, एवढे मला ठाऊक होते. तसा तो चाललाही. परंतु इंटरनेट काही येईना! जोडणी देणाऱ्याने राऊटरमध्ये भरलेले खात्याचे नाव आणि त्याचा वेगळा पासवर्ड, तेही मी टाचणीने पुसून टाकले होते.

साडेनऊला बहीण उठली आणि त्या दोन पोरांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडले. "त्यात काय विचारतं वं? बस इथं," म्हणाल्या आणि स्वतःच्या मोबाईलचे नेट तिला जोडून दिले. अर्ज अकराला गेला. मी आमच्या ओट्यावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी जोडणी देणारा दादा आला. त्याने विचारले, "वायर लावून पाहिली का?" राऊटर ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात हातभर वायर होती. तिचे एक टोक राऊटरला आणि दुसरे मामाच्या जुन्या लॅपटॉपला लावले असते, तर वायफायचा पासवर्ड लागलाच नसता. त्याच वायरवरून राऊटरच्या पानावर जाऊन नवा पासवर्डही ठेवता आला असता. एखादे यंत्र वायफायला जोडलेले राहिले असेल तर त्याहून सोपे: अलीकडचे मोबाईल जतन केलेला पासवर्ड चौकोनी संकेतचित्रातून दुसऱ्याला देतात. तात्पर्य, टाचणी हा शेवटचा उपाय. मी तो पहिला केला, कारण घाई होती. आणि विचारले कोणाला नाही, कारण लाज होती.

कोणी म्हणेल, मग कुलूपच नको. हे मला मान्य नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातील वायफायवरून. तिथे राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून गेला. तेव्हा कुलूप हवेच. प्रश्न एवढाच की, किल्ली कोणाची?

माझे मत असे, की घराच्या वायफायचा पासवर्ड ही घराची वस्तू आहे, घरातल्या एका हुशार मुलाची नव्हे. संगणकाच्या पासवर्डचा उगम सांगतात तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, १९६१ च्या सुमारास. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना मिळून वापरता यावा अशी व्यवस्था केली, तीत प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून पासवर्ड आला. म्हणजे पासवर्ड जन्मला तो एकत्र नांदता यावे म्हणून! आपण मात्र त्याने आपल्याच आईला घराबाहेर ठेवतो.

'लिहून ठेवू नका' हा उपदेश बँकेच्या पिनला शोभतो. वायफायचा शब्द कॅलेंडरच्या मागे लिहिला तर तो दूरदेशीच्या चोराला वाचता येत नाही. आणि जो चोर घरात शिरून कॅलेंडर उलटतो, तो वायफायसाठी आलेला नसतो. शब्द अवघड असण्यापेक्षा लांब असावा. वायफायला ८ ते ६३ अक्षरे चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले की परक्याला ते ओळखणे कठीण आणि आजीला पाठ करणे सोपे. शेजाऱ्यांचे काय? पुष्कळ राऊटरांत पाहुण्यांसाठी दुसरे नाव आणि दुसरा पासवर्ड ठेवता येतो. जुन्या वाड्यांत आल्यागेल्याला ओसरी असे आणि माजघर घरच्यांचे, तसेच हे. आमच्या आजोबांना जे ठाऊक होते, ते मी राऊटरच्या पानावर असूनही पाहिले नव्हते.

यंदा आपल्यापैकी कित्येक जण पदवी घेऊन पुसद सोडतील. कोणी पुण्याला, कोणी नागपूरला जाईल. मागे आईवडील राहतील आणि आपण लावून दिलेला तो राऊटर राहील. जाण्यापूर्वी एक कागद घ्यावा. त्यावर वायफायचा पासवर्ड, राऊटरच्या पानाचा पासवर्ड, जोडणीच्या खात्याचे नाव व पासवर्ड, आणि जोडणीवाल्याचा क्रमांक लिहावा. ती वायर कुठे ठेवली आहे तेही लिहावे. आईकडून एकदा सारे करवून घ्यावे.

आमच्या घरी तो कागद आता कॅलेंडरच्या मागे आहे. ओट्यावर पोरे पुन्हा बसतात. आरडाओरडा तेवढाच आहे.