आखूड नाकाचा कुत्रा आणि भंडाऱ्याचा उन्हाळा

जिल्ह्यातील श्वानपालक, विक्रेते आणि नगरपरिषदा यांच्यासाठी पत्रक

जातिवंत पिल्लू विकले जाते ते दोन आश्वासनांवर: त्याचे रूप ठरलेले असेल आणि त्याचा स्वभावही ठरलेला असेल. यांपैकी पहिले आश्वासन जनुकशास्त्राला मान्य आहे, दुसरे बहुतांशी अमान्य आहे. तरीही भंडारा, तुमसर, पवनी वा साकोलीच्या ग्राहकाकडून दोन्हींचे मोल घेतले जाते, आणि रूपाचा खरा भुर्दंड त्या मुक्या जनावराला सोसावा लागतो.

जनुक म्हणजे पेशीतील डीएनएच्या साखळीचा असा तुकडा, ज्यात बहुधा एखादे प्रथिन घडवण्याची सूचना साठवलेली असते. 2005 मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि पुढचा शोध सोपा झाला. लहान चणीच्या जातींमध्ये आयजीएफ-1 या वाढीशी निगडित जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आढळतो, असे 2007 मध्ये दिसून आले; डॅशहंडचे आखूड पाय एफजीएफ-4 या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे होतात आणि केसांच्या ठेवणीतील बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांनी उलगडते, हे 2009 मध्ये समजले. रूपाची सूत्रे अशी मोजक्या जनुकांच्या हाती असल्यामुळेच प्रजननकर्त्यांना गेल्या दीड-दोन शतकांत ते हवे तसे वाकवता आले.

या वाकवण्याचा परिणाम वैनगंगेच्या खोऱ्यात मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे सरकताना, उघड होतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो आणि नाक, तोंड व जीभ यांच्या ओल्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. पगच्या कवटीचा पुढचा भाग आखूड झाला, पण टाळूमागचा मऊ पडदा त्या प्रमाणात आखूड झाला नाही, त्यामुळे श्वासमार्ग जन्मतःच अडलेला राहतो आणि ज्या धापेवर त्याचा जीव अवलंबून असतो तीच अपुरी पडते. पाहुण्यांना गोंडस वाटणारे त्याचे घोरणे हे वस्तुतः श्वास कोंडल्याचे लक्षण आहे. असे जनावर या जिल्ह्यात हौसेखातर आणणे ही क्रूरता आहे, मग ती अजाणतेपणी का घडेना.

स्वभावाची गोष्ट निराळी आहे. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए यांवर आधारलेला अमेरिकेतील अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कुत्र्या-कुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकापैकी सुमारे 9 टक्के भागच जातीवरून सांगता येतो. वर्तनाला आनुवंशिक आधार निश्चितच आहे, आणि माणसाची आज्ञा पाळण्याच्या वृत्तीत जातीचा वाटा तुलनेने अधिकही दिसतो. परंतु हा आधार असंख्य जनुकांत विखुरलेला असून संगोपन, बांधून ठेवणे, उपासमार आणि भीती यांचा परिणाम त्यात मिसळतो. म्हणूनच 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारने 23 जातींवर बंदी घालण्याविषयी काढलेले पत्र, जे कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केले, मुळातच चुकीच्या दिशेचे होते: जातीला दोषी ठरवले की साखळीचे दुसरे टोक हातात धरणारा मालक सुटतो.

गावठी कुत्र्याला 'भेसळ' म्हणून हिणवण्यासही आधार नाही. जगभरच्या गावकुत्र्यांच्या डीएनएवरील 2015 च्या अभ्यासात भारतातील कुत्र्यांमध्ये युरोपीय जातींचा अंश अत्यल्प आढळला. म्हणजे हा स्वतंत्र, जुना आणि येथल्या हवामानात टिकलेला वंश आहे, आणि लाखनी किंवा लाखांदूरच्या घरासाठी त्याहून योग्य सोबती सापडणे कठीण आहे.

तरीही ज्याला जातिवंत पिल्लूच हवे असेल त्याने 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार विक्रेत्याची नोंदणी तपासावी, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू नाकारावे, पिल्लाचे आई-वडील प्रत्यक्ष पाहावेत आणि त्यांचे परस्परांशी नाते विचारावे. नगरपरिषदांनी बिगरनोंदणी विक्रीची माहिती पशुसंवर्धन विभागाला लेखी कळवावी, आणि ही कारवाई येत्या उन्हाळ्यापूर्वी सुरू व्हावी.