बहिरेपणावरील जीन थेरपी: पालकांनी वाट पाहावी का?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना एका इंजेक्शनने ऐकू येऊ लागल्याची बातमी जानेवारी २०२४ मध्ये गाजली. शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी उपचार केलेल्या सहा मुलांपैकी पाच जणांचे ऐकणे सुधारल्याचा अहवाल 'द लॅन्सेट'मध्ये आला. साहजिकच पालक विचारतात, "आमच्या बाळालाही हे चालेल का?"

बिघाड नेमका कुठे?
आपल्या आतल्या कानात केसपेशी असतात. आवाज आला की आतील रांगेतल्या केसपेशी ग्लुटामेट हे रसायन सोडतात. अतिसूक्ष्म फट ओलांडून ते श्रवणाच्या नसेला निरोप देते. या जोडणीला सिनॅप्स म्हणतात. रसायन सोडण्यासाठी ओटोफर्लिन हे प्रथिन लागते. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर पेशी आवाज टिपते, पण निरोप पुढे जात नाही. थेरपीत या जनुकाची निर्दोष प्रत विषाणूमार्फत कानात पोहोचवतात. जनुक मोठे असल्याने ते दोन भागांत पाठवावे लागते.

उपयोग कोणाला?
फक्त हाच जनुकदोष असलेल्यांना. जन्मजात बहिरेपण असलेल्यांत अशी मुले थोडीच असतात. दोष आहे की नाही, हे जनुक तपासणीतूनच कळते.

'पास' म्हणजे निर्धास्त नव्हे
नवजात बाळाची ओएई तपासणी बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी पाहते. या आजारात सुरुवातीला त्या चांगल्या असतात, म्हणून बाळ 'पास' होऊ शकते. निरोप नसेतून मेंदूकडे जातो का, हे बेरा तपासणीत दिसते. बाळ आवाजाला दचकत नसेल, तीव्र कावीळ झाली असेल किंवा ते एनआयसीयूत राहिले असेल, तर बेरा करून घ्या.

मग थांबायचे का?
नाही. भाषा शिकण्यासाठी मेंदूला पहिल्या काही वर्षांतच आवाज मिळायला हवा. तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचारांची सुरुवात व्हावी. श्रवणयंत्राने भागत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार करतात. ते थेट नसेला संकेत देते, त्यामुळे सिनॅप्समधला हा बिघाड आड येत नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. मुंबईतील अली यावर जंग संस्थेत त्याची चौकशी करता येते.

जनुक तपासणी जरूर करा, नव्या उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारा. पण त्यासाठी आजचा उपचार पुढे ढकलू नका.