ड्रोनचं दुकान नंतर, आधी इस्त्री हातात धरा

शहापूर-मुरबाडकडच्या तरुणांकडून हल्ली एकच प्रश्न येतो: "सर, ड्रोन आणि मॉडेल विमानांचा धंदा सुरू करू का?" समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, काही घरांत जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आले. त्यामुळे प्रश्नामागे खरी रक्कम उभी असते, आणि ती एकदाच येते. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: दुकान नको, फ्रँचायझी नको. या धंद्यातलं एक काम हाताने शिका. ते काम म्हणजे मॉडेल विमानावर इस्त्रीने फिल्म चढवणं.

हे म्हशाच्या यात्रेत मिळणारं प्लास्टिकचं विमान नव्हे. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचा सांगाडा असतो. त्यावर पॉलिस्टरची पातळ रंगीत फिल्म बसते. तिच्या मागे उष्णतेने चिकटणारा गोंद असतो. जर्मनीची ओराकव्हर यात नावाजलेली; अमेरिकेच्या मोनोकोटचं नाव तर कित्येक वर्षं या कामालाच पडलं होतं.

काम ऐकायला सोपं आहे. मध्यम उष्णतेवर फिल्म चिकटते, जास्त उष्णतेवर आकसते आणि ढोलकीच्या कातड्यासारखी ताणली जाते. पण पैसे मिळतात ते बारकाव्यांचे. बारीक पॉलिश पेपर मारून झाल्यावर लाकडावरची धूळ पूर्ण काढायची, कारण राहिलेला प्रत्येक कण फिल्मखालून दिसतो. इस्त्रीवर जुना सुती मोजा चढवायचा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. वाफेची इस्त्री असेल तर वाफ बंद. आधी कडा चिकटवायच्या, मग मधला भाग आकसवायचा. लाकडावर हवेचा फुगा राहिला तर सुईने बारीक भोक पाडून दाबायचा.

क्रम कसा ठेवायचा? घर शाकारताना आपण वळचणीकडून आढ्याकडे कौलं चढवत जातो, म्हणजे पाणी जोडात शिरत नाही. इथे पाण्याच्या जागी वारा आहे. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर. पुढची फिल्म मागच्या फिल्मवर चढली पाहिजे, उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला येता कामा नये. फिकट रंग आधी, गडद रंग त्याच्यावर. उलट केलं तर खालचा गडद काठ फिकट रंगातून दिसतो. वरच्या शोभेच्या पट्ट्या कमी उष्णतेवर लावायच्या, नाहीतर खालची फिल्म पुन्हा आकसते आणि दोन्हींच्या मध्ये फुगे धरतात.

एक चूक मात्र महागात पडते. एकाच बाजूला जास्त उष्णता दिली की पंखाला पीळ बसतो, आणि पिळलेल्या पंखाचं विमान एका अंगाला कलतं. म्हणून प्रत्येक पंख सपाट टेबलावर ठेवून तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही.

आता गिऱ्हाईक कोण? मुरबाडच्या बाजारपेठेत ते नाही, हे आधीच मान्य करा. एसएई इंडियाच्या एअरो डिझाइन स्पर्धेत उतरणाऱ्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या टीम, एनसीसीच्या एअर विंगची एरोमॉडेलिंग करणारी मुलं, मुंबई-पुण्याचे हौशी लोक. विमान बनवायला त्यांना आवडतं, पण फिनिशिंगला अनेकांकडे वेळ नसतो. नेमकी तीच तुमची जागा. दीड मीटरचा पंख बहुतेक वेळा दोन तुकड्यांत सुटतो, म्हणजे पाऊण मीटरचा बॉक्स. आसनगावहून लोकलच्या लगेज डब्यातून तो आरामात जातो.

हिशेब करू. पंख दीड मीटर लांब, पाव मीटर रुंद. दोन्ही बाजू धरून पाऊण चौरस मीटर. ६० सेंटिमीटर रुंद, २ मीटर लांब रोल म्हणजे १.२ चौरस मीटर. शेपूट, धड, कडांची घडी आणि वाया जाणारे तुकडे धरले तर दोन रोल लागतील. हे रोल गिऱ्हाइकालाच आणायला सांगा. समजा, काम १२ तासांचं आणि तासाला १५० रुपये, तर मजुरी १,८०० रुपये. तुमचं भांडवल म्हणजे इस्त्री, हॉट एअर गन, कटर, स्टीलची पट्टी. यासाठी बँकेचं कर्ज काढायची गरजच नाही.

"सर, यात पोट भरेल का?" एकट्या विमानांवर नाही भरणार. खोटी आशा मी दाखवणार नाही. पण उष्णता, दाब आणि वेळ यांचा अंदाज हाताला आला की तोच हात टी-शर्टवर हीट प्रेसने नाव-नंबर लावायला वळतो. कबड्डीचे संघ, दहीहंडीची पथकं, गणेश मंडळं हे गिऱ्हाईक तुमच्या गावातच आहे. विमानाचं काम तुमच्या हाताला सफाई देईल, जर्सीचं काम महिन्याचा खर्च भागवेल.

उडवायचा विचार असेल तर ड्रोन नियम २०२१ आधी वाचा आणि डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका.

मोबदल्याचे पैसे सध्या बँकेतच राहू द्या. आधी मोडक्या विमानाचा एक पंख मिळवा, त्यावर तीनदा फिल्म चढवा, तीनदा काढा. चौथ्यांदा सुरकुती पडली नाही की पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावा.