पेटंट कुणाचे?

दुसऱ्याचे गणित आपल्या वहीत उतरविणाऱ्या पोराला मी वर्गात बाकावर उभा करतो. मग डाइम्लरला कुठे उभा करावा? १८८३ मध्ये जलदगती एंजिनाचे पेटंट निघाले ते त्याच्या नावाने. आराखड्यांवर डोळे फोडले विल्हेल्म मायबाखने, रॉइटलिंगेनच्या अनाथगृहात वाढलेल्या पोराने. पगार दिला म्हणजे डोकेही विकत घेतले काय? तेव्हा पेटंटची कचेरी अर्जावरची सही पाहत असे. पेन्सिल कुणाची झिजली हे विचारीत नसे! पुढे १९०० साली मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवून त्यानेच ३५ अश्वशक्तीची गाडी घडविली. नाव दिले ते गाड्या विकणाऱ्या येलिनेकच्या मुलीचे—मर्सिडीज! (त्या पोरीचा यात काय दोष म्हणा!) १९०७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, मायबाख तो कारखाना सोडून चालता झाला.