हिशेब पोराच्या हाती द्या



आपला अठरा-वीस वर्षांचा पोरगा डवरतो, फवारतो, हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेतो. पण वाण कोणते घ्यायचे, कर्ज किती काढायचे, पऱ्हाटी किती अन् ज्वारी किती, हे त्याला कोणी विचारत नाही. पोरीला तर नाहीच नाही. मग पोरगं पानठेल्यावर बसतं म्हणून आपणच बोंबलतो.

वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. त्यातूनच सेवाग्रामला नई तालीमची शाळा निघाली. तिथली मुले सूत कातत, शेती करत. शिवाय सफाईचे, स्वयंपाकाचे मंत्री आपल्यातूनच निवडत. चरख्याबद्दल आमची मते वेगळी असतील. पण ज्याच्या शब्दाला घरात वजन असते, ते पोर अडचणीत चार माणसांशी बोलते, आतल्या आत कुढत नाही, असे आमचे मत आहे. कुढण्याची किंमत विदर्भाला सांगायला नको.

येत्या पेरणीला एक एकर पोरापोरीच्या निर्णयावर सोडा. बियाण्याची पावती, मजुरी, काट्याची चिठ्ठी त्यांनीच वहीत लिहावी. तोटा आला तरी वही हिसकावू नका. १९८९ पासून अठराव्या वर्षी सरकार निवडता येते, वाण का नको? जिल्हा बैठकीला त्यांना वहीसकट सोबत आणा.