प्रार्थना कुणाची, सूर कुणाचे?

परवा रात्री माक्स ब्रुखचे ‘कोल निद्रे’ ऐकत बसलो होतो. धाकटी मुलगी आतून आली आणि म्हणाली, “बाबा, कोण रडतंय हे?” मी म्हटले, “रडत नाही. चेलो आहे तो. क्षमा मागतोय.”

चेलोचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या अगदी जवळचा. म्हणून तिची फसगत झाली.

‘कोल निद्रे’ म्हणजे ‘सर्व नवस’. योम किप्पूर हा ज्यू लोकांचा प्रायश्चित्ताचा दिवस. त्याच्या पूर्वसंध्येला सिनेगॉगमध्ये हे अरामी शब्द गायले जातात. आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांच्या ते चांगल्याच ओळखीचे आहेत. देवाला बोललेल्या, पण पाळता न आलेल्या नवसांतून त्यात मोकळीक मागतात. माणसाला दुखावले असेल, तर मात्र त्याच्याच दारी जावे लागते.

गंमत अशी, की १८८० मध्ये ही रचना पुरी करणारा ब्रुख ज्यू नव्हता, प्रोटेस्टंट ख्रिस्ती होता. बर्लिनमधल्या एका ज्यू प्रार्थनागायकामुळे त्याला ही चाल कळली. हिब्रू चालींवर आधारलेली रचना, असे त्याने शीर्षकातच कबूल केले. तो १९२० मध्ये वारला. पुढे नाझींनी मात्र याच रचनेपायी त्याच्यावर ज्यू असल्याचा संशय घेतला आणि त्याच्या संगीताची गळचेपी केली.

उलट अर्नेस्ट ब्लॉख जन्माने ज्यू. १९१६ मध्ये त्याने चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘शेलोमो’ लिहिले. राजा सॉलोमनचे विरक्त बोल आधी तो गायकाच्या तोंडी घालणार होता. पण कोणतीच भाषा पुरी पडेना, तेव्हा चेलोच सॉलोमन झाला. त्यात पारंपरिक चाली फारशा नाहीत.

मग यातले अस्सल ज्यू संगीत कोणते? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. दुसऱ्याची प्रार्थना गाण्याचा हक्क जन्माने मिळत नाही आणि जन्मामुळे जातही नाही. ती आदराने ऐकावी, कुणाकडून घेतली ते सांगावे आणि मनापासून गावी, इतकेच. सुरांना जात चिकटवणारे शेवटी माणसांनाही चिकटवतात, हे त्या जर्मनीने दाखवलेच.

शेवटी हार्प वाजू लागली, सूर उजळले. मुलीने विचारले, “मिळाली का क्षमा?”

मला थोरला भाऊ आठवला. दीड वर्ष आमचे बोलणे नाही, आणि चूक माझी आहे. चेलो माझ्यासाठी ते काम करणार नाही. आज रविवार आहे. दादा घरीच असेल.