तोंड आलंय? मग तोंड उघडा!

आमच्या हॉस्टेलात तोंड येण्याचाही एक सीझन असतो. हिवाळी परीक्षा जवळ आली आणि सबमिशन, व्हायवा एकाच आठवड्यात आले की मेसमध्ये चार-दोन जण तरी भाजी बाजूला सारून नुसता दहीभात गिळताना दिसतात. कोणी म्हणतं, "अबे, तर्री जास्त झाली तुझी!" कोणी म्हणतं, "पोट साफ नसेल." घरी फोन केला तर आई 'उष्णता वाढली' म्हणून जाईची पानं चघळायला सांगते. पण गेल्या आठवड्यात तू किती तास झोपलास, हे मात्र कोणीच विचारत नाही.

मनाचा आणि तोंडाचा काय संबंध? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे चक्क मोजून पाहिलं. १९९८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर ३.५ मिलिमीटरची छोटीशी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. माणसं तीच, जखमही तेवढीच. परीक्षेच्या काळात ती भरायला सरासरी ३ दिवस, म्हणजे ४० टक्के वेळ जास्त लागला! ती जखम मुद्दाम केलेली होती, आपल्या तोंडात येणारा छाला नव्हे, हे खरं. पण तोंडाच्या कातडीला टेन्शन कळतं, एवढं त्यातून नक्की समजतं.

ताण आला की शरीरात कॉर्टिसोल वाढतं आणि जखम भरून काढणारी यंत्रणा मंदावते. त्यात रात्रभर जागरण, जेवणाऐवजी चहा-बिस्कीट आणि विचार करता करता नकळत गाल-ओठ चावायची सवय. मग छाले का येणार नाहीत?

तरीही मित्रांनो, सगळंच बिल टेन्शनच्या नावावर फाडू नका. बी-१२, फॉलिक ॲसिड किंवा लोह कमी असेल तरी तोंड येतं. एखाद्या दाताची धार गालाला घासते. काहींच्या घराण्यातच ही सवय असते. साधा छाला ७ ते १४ दिवसांत आपोआप बरा होतो. वारंवार येत असेल तर रक्त तपासून घ्यावं.

आणि नागपुरात राहून खऱ्र्याबद्दल बोलायचं नाही, हे कसं चालेल? सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटला की खर्रा तयार! "टेन्शन आहे म्हणून खातो" असं म्हणणारे प्रत्येक विंगमध्ये सापडतील. आधी टेन्शनवर उपाय म्हणून खर्रा खायचा आणि मग तोंडाची आग झाली की तीही टेन्शनच्याच माथी मारायची, हा हिशोब महागात पडतो. सुपारीमुळे तोंडातली कातडी पांढरी, ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडणंच कमी होतं. या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दोन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा-लाल चट्टा किंवा कमी उघडणारं तोंड, यातलं काहीही असलं तर थेट मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. तिथे 'टेन्शन आहे' हे सांगाच, पण खर्राही लपवू नका.

आमच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. सेशनल, सबमिशन आणि व्हायवा एकाच आठवड्यात कोंबू नका. प्रत्येक विषयाला आपलीच तारीख सोयीची वाटते, पण पोरगा एकच असतो! विभागांनी एकत्र बसून वेळापत्रक केलं तर अभ्यासक्रम काही बुडणार नाही.

आणि आपण पोरांनी? बॅकलॉग राहिला, घरची परिस्थिती बिघडली, कॅम्पसमध्ये नाव लागलं नाही, तरी आपण "सब बढिया" म्हणत फिरतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! रूममेटला सांगा, वॉर्डनना सांगा. ओळखीच्या माणसाशी बोलायला जड वाटत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. आणि शेजारच्याचं तोंड आलं तर त्याच्या ताटातल्या तर्रीवर जोक मारण्याआधी एकदा विचारा, "झोपलास का बे नीट?"